ॲनिमे, डिस्क आणि सब-डबचं भांडण : सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणारे आता गल्लोगल्ली सापडतात. नवीन माणूस आला की प्रश्न मात्र तेच: सब (मूळ जपानी आवाज आणि खाली भाषांतराच्या ओळी) बघू की डब (दुसऱ्या भाषेतला आवाज), डिस्क घेऊ का, कुठून सुरू करू. दर वेळी चहा संपेपर्यंत तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय. माहिती तपासून दिली आहे, मतं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला मोकळे आहात.

ॲनिमे म्हणजे लहान पोरांची कार्टूनंच ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील मंडळींकडून येतो. त्यांना एवढंच विचारायचं, की दूरदर्शनवरचा मोगली आठवतो का? तो ॲनिमेच होता. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली ५२ भागांची मालिका, आपल्याकडे १९९३ मध्ये हिंदीत आली. ‘जंगल जंगल बात चली है’ हे गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे तुमच्या वडिलांनी ॲनिमे बघितलाय, तोही डब, आणि आवडीने.

‘लहान पोरांचं’ हे मात्र डोक्यातून काढा. जो शिन-चॅन आपल्याकडे पोरांच्या चॅनेलवर लागला, त्याची मूळ चित्रकथा १९९० पासून मोठ्यांच्या साप्ताहिकात छापून येत होती. त्यामुळेच इथे पालक वैतागले, २००८ मध्ये प्रसारण थांबलं आणि पुढे काटछाट होऊन मालिका परत आली. मालिकेचा दोष नव्हता, कपाट चुकलं होतं. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) तर चित्रं गोड दिसतात म्हणून पाचवीतल्या मुलाला अजिबात लावून देऊ नका. युद्धात उपाशी राहिलेल्या बहीण-भावाची गोष्ट आहे, मोठ्यांनाही झेपत नाही.

एका वाक्यात सांगा : सब की डब?

खोलीत कोण बसलंय ते बघा आणि ठरवा.

एवढ्यावर भागणार नाही. जपानी आवाज तोच खरा, बाकी भेसळ, असं सगळे म्हणतात.

सगळे नाही, थोडेच म्हणतात, पण मोठ्याने म्हणतात. यात एक गंमत त्यांना माहीत नसते. जपानातसुद्धा बहुतेक ॲनिमेला आवाज नंतरच देतात. चित्रं, निदान कच्ची चित्रं, आधी तयार होतात. मग नट पडद्यासमोर उभे राहून पात्राच्या ओठांवर बोलतात. आवाज आधी आणि चित्रं नंतर असा उलटा कारभार ‘अकिरा’सारख्या (१९८८) मोजक्या कामांत झाला. टीव्हीच्या ॲनिमेत तोंडाची चित्रंही सहसा तीनच असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे त्यावर हिंदी काय, तेलुगू काय, बसतं. दक्षिणेतल्या सिनेमाच्या डबमध्ये ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे जातात, तसा त्रास इथे फार कमी.

मग फरक कुठे पडतो? माणसांत आणि वेळेत. जपानात बरीच वर्षं पद्धत अशी, की प्रसंगातले सगळे नट एकाच स्टुडिओत, एकाच वेळी. एकाने वाक्य टाकलं की दुसरा ते ऐकून उचलतो. डब करताना बहुतेक ठिकाणी एक माणूस काचेच्या खोलीत एकटा, समोरच्याचं वाक्य हेडफोनमध्ये, कधी तेही नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते या सांगलीत. ज्यांच्या घरात एक तरी माणूस हौशी नाटकातला आहे, त्यांना तालमीत सगळे हजर असण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऐकताना तो फरक कळतो. भांडणाच्या, रडण्याच्या, एकमेकांच्या बोलण्यात बोलण्याच्या प्रसंगात जास्तच कळतो.

आणि नट म्हणाल तर मासाको नोझावा. जन्म १९३६. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज १९८६ पासून या बाईंचा. गोकूची दोन्ही पोरं, गोहान आणि गोतेन, तीही त्यांचीच. बाप आणि दोन मुलगे जेवायला बसलेत आणि तिघांचं बोलणं एकच बाई करतेय, हा प्रकार एकदा तरी जपानीतून ऐकाच.

मग डब कधी बघावा?

विनोदी मालिका हिंदीत बिनधास्त बघा. डोरेमॉन, शिन-चॅन यांच्या हिंदी डबने एक अख्खी पिढी हसली ती उगाच नाही. तिथे जपानी कोट्या सोडून देऊन आपल्या घातल्यात आणि त्या चालतात. मारामारीच्या मालिकाही डबमध्ये चांगल्या जातात, कारण डोळे चित्रावर राहतात.

इंग्रजी डबचं नाव काढलं की ‘काउबॉय बीबॉप’ (१९९८, २६ भाग) सांगावाच लागतो. जपानीचे कट्टर भक्तसुद्धा तो इंग्रजीत बघतात. जॅझ संगीत, अंतराळातले भटके शिकारी, गालातल्या गालात बोलणारी माणसं. इंग्रजी तिथे उपरी वाटत नाही.

हिंदी डबबद्दल माझी एकच तक्रार. गंभीर प्रसंग आला की काही डब एकदम पौराणिक मालिकेच्या भाषेत शिरतात. पंधरा वर्षांचं पोरगं मित्राशी ‘तुम्हारा अंत निकट है’ थाटात बोलायला लागलं की माझा हात रिमोटकडे जातो.

सबटायटल वाचता वाचता चित्रच निसटतं. उपाय?

सवय, दुसरा उपाय नाही. चार-पाच भागांत डोळा बसतो. ज्यांचा बसत नाही त्यांनी डब बघावा, त्यात कमीपणा काही नाही.

पण सबटायटलचा एक दोष कुणी सांगत नाही, तो मराठी माणसाला जास्त टोचतो. जपानी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. इंग्रजीचं आधी येतं. समजा खलनायक थांबत थांबत म्हणतोय, ‘त्या रात्री... तुझ्या भावाला... मारणारा... मीच होतो.’ नट शेवटच्या शब्दापर्यंत ताणून धरतो. खाली इंग्रजी ओळ पहिल्याच सेकंदाला ‘मीच मारलं’ सांगून मोकळी! तुम्ही वाचून बसलात आणि नट अजून भावापर्यंतच पोहोचलाय. हिंदी डबमध्ये हा ताण जसाच्या तसा राहतो, कारण वाक्याची चाल तीच. म्हणून रहस्यमय मालिका हिंदीत बघणाऱ्याला मी नावं ठेवत नाही.

घरी एकच टीव्ही आहे आणि आजीही बसते.

हिंदी डब लावा. आजीला इंग्रजी ओळी वाचायला लावणं हा अन्याय आहे, आणि दर वाक्याला ‘काय म्हणाला गं तो?’ याचं उत्तर देत बसलात तर तुमचाही भाग जातो.

आजीसाठी खास शिफारस: जपानच्या युगो साको यांनी आपले ॲनिमेटर राम मोहन यांच्यासोबत केलेलं ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’. नव्वदच्या दशकात बनलं आणि भारतात थेटरांत नीट लागलं ते २०२५ च्या जानेवारीत. जुन्या हिंदी डबमध्ये रामाचा आवाज अरुण गोविल, रावणाचा अमरीश पुरी.

मराठी डब का नाही?

क्रंचीरोल या ॲनिमेच्या ॲपवर भारतासाठी हिंदी, तमिळ आणि तेलुगू डब येतात, मराठी नाही. आपण सगळे हिंदी समजतो हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांना घाई नाही. मागणी करायची असेल तर ती करून फायदा होतो याचा दाखला आहे: ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे सिनेमा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात थेटरात लागला तो इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढल्यावर.

काही पोरं हौसेने मराठी सबटायटलची फाइल स्वतः करतात. करणार असाल तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच जतन करा, नाहीतर सगळे चौकोन दिसतील. बऱ्याच टीव्हींवर पेनड्राइव्हने लावली तर जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलत्या जागी जातात. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सहसा व्यवस्थित दिसतं.

सगळं मोबाइलवर मिळत असताना डीव्हीडी, ब्लू-रे घ्यायची कशाला?

सगळ्या मालिका घ्यायच्या नाहीतच. ज्या दुसऱ्यांदा बघणार त्याच घ्यायच्या.

घेण्याची कारणं मात्र खरी आहेत. ॲपवरची मालिका तुमची नसते. करार संपला की एका रात्रीत गायब. आणि असते तेव्हाही तीच असते असं नाही. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ (१९९५-९६, २६ भाग) २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती नव्या डबसह, नव्या भाषांतरासह, आणि शेवटी वाजणारं ‘फ्लाय मी टू द मून’ अनेक देशांत काढून त्याजागी पियानोची धून. जुन्या डीव्हीडीवर ते गाणं आहे, जुना डबही आहे. ज्याच्याकडे ती पेटी आहे तो गप्प बसून हसतो.

शिवाय टीव्हीवर घाईत गेलेली चित्रं जपानी स्टुडिओ डिस्क काढताना सुधारतात. वाकडे चेहरे सरळ होतात, राहिलेली पार्श्वभूमी भरली जाते. एखाद्या मालिकेची टीव्हीवरची आणि डिस्कवरची एकच चौकट शेजारी शेजारी ठेवून बघा, कधी कधी ओळखू येत नाही.

भाचा अमेरिकेत आहे. त्याला आणायला सांगू?

सांगा, पण आधी हे वाचा. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप असतं. भारत ५ नंबरमध्ये. अमेरिका १. जपान, युरोप आणि आखाती देश २. ऑस्ट्रेलिया ४. म्हणजे भाच्याने आणलेली आणि दुबईहून मावशीने आणलेली, दोन्ही डिस्क तुमच्या हॉलमधल्या कुलूपबंद प्लेअरवर चालणार नाहीत. ब्लू-रेची वाटणी वेगळी आहे: अमेरिका आणि जपान ए, युरोप, आखात आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. फोर-के ब्लू-रेला मात्र प्रदेशाचं कुलूप नाही, पण तिला प्लेअर वेगळा लागतो आणि तो स्वस्त नसतो.

दुसरी भानगड चित्राच्या पद्धतीची. आपल्याकडे पाल, अमेरिका-जपानात एनटीएससी. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि आजचे टीव्ही दोन्ही चालवतात, त्यामुळे याची फार काळजी नको. जुना डबा टीव्ही असेल तर चित्र काळं-पांढरं येऊ शकतं.

लॅपटॉपला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह हा स्वस्त मार्ग. त्यातही प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर जिथे आहे तिथे कायमचा अडकतो. म्हणून ‘बघू तरी काय होतं’ म्हणून बटण दाबत बसू नका. ब्लू-रेसाठी वेगळा ड्राइव्ह लागतो आणि विकतची कुलूपबंद ब्लू-रे व्हीएलसीत सरळ चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

थेट परदेशातून मागवत असाल तर वस्तूच्या किमतीवर पोस्टेज, कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च असं तीन मजली बिल होतं. तिघा-चौघांनी मिळून मागवलं तर पोस्टेज तरी वाटून जातं.

जपानहूनच मूळ डिस्क मागवली तर?

शोकेसमध्ये ठेवायला उत्तम. बघायला घेत असाल तर बहुतेक डिस्कवर इंग्रजी सबटायटल नसतात, एका डिस्कवर भाग मोजके आणि किंमत भरमसाट. जपानी शिकत असाल तरच.

अख्खा नारुतो आठ डिस्कमध्ये, तोही स्वस्तात मिळतोय. घेऊ?

नका घेऊ, नकली आहे. हिशेब करा. ‘नारुतो’ची पहिली मालिकाच २२० एपिसोडची. आठ डिस्क म्हणजे एका डिस्कवर सत्तावीस-अठ्ठावीस एपिसोड, दहा तासांहून जास्त. दुहेरी थराच्या डीव्हीडीची कुवत ८.५ जीबी. त्यात चांगल्या दर्जाचे पाच-सहा एपिसोड बसतात. दहा तास कोंबले की मारामारीत पडदाभर चौकोन नाचतात.

बाकी खुणा: पाठीवर ‘ऑल रीजन’, सबटायटल फक्त चिनी आणि इंग्रजी, आणि इंग्रजी असं की पात्रांची नावं भागागणिक बदलतात. हक्क घेणाऱ्या कंपनीचं चिन्ह कुठेच नाही.

खऱ्या डिस्कमध्येही एक फसवणूक असते. काही डिस्कवर सबटायटल म्हणून इंग्रजी डबचीच संहिता छापलेली असते, जपानी संवादांचं भाषांतर नाही. ओळखायची युक्ती सोपी: जपानी आवाज लावा, इंग्रजी ओळी चालू ठेवा. नट गप्प असताना खाली वाक्य आलं, की समजा डबची संहिता आहे. डबमध्ये पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी वाक्यं घुसडायची सवय असते, ती तिथे उघडी पडते. सब बघणाऱ्याने अशी डिस्क घेऊ नये.

पुराचं पाणी लागलेल्या डिस्क वाचतात का?

हा प्रश्न दुसरीकडे कोण विचारत असेल असं वाटत नाही, पण २०१९ नंतर इथे विचारला जातो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

बऱ्याच वाचतात. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या चिकटवलेल्या, आणि माहितीचा थर मधे. गाळ बाहेरच राहतो. सीडीचा थर मात्र वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून जुन्या गाण्यांच्या सीडी आधी मरतात.

वाळलेला चिखल फडक्याने पुसायचा नाही, त्यातली वाळू काचपेपरचं काम करते. डिस्क स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. मग नळाच्या बारीक धारेखाली, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन. मऊ सुती कापडाने टिपायचं ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही: गोल ओरखडा माहितीच्या वाटेनेच जातो आणि प्लेअरला तुटलेला तुकडा जुळवता येत नाही, आडवा ओरखडा तो पचवतो. सावलीत उभी करून वाळवा. कडेने पाणी शिरून दोन चकत्यांच्या मधे ढग दिसत असेल तर तिचा नाद सोडा. कागदी वेष्टन जातंच, त्याचं दुःख करू नका. आणि पुढच्या पावसाळ्याआधी कपाट माळ्यावर न्या.

सुरुवात कुठल्या मालिकेने करू?

इथे सगळे ‘डेथ नोट’ सांगतात. ३७ भाग, पहिल्या भागापासून पकड, नवख्याला चांगली. पण पंचविसाव्या भागानंतर ती उतरते. तिथेच संपवली असती तर बरं झालं असतं, या मतावर मी ठाम आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड’ (६४ भाग) शेवटपर्यंत उतरत नाही, म्हणून माझं उत्तर ते.

त्याच चित्रकथाकार हिरोमू अराकावा बाईंची ‘सिल्व्हर स्पून’ मात्र कुणी सांगत नाही आणि ती तर आपल्या जिल्ह्यासाठीच आहे. शहरातलं हुशार पोरगं अभ्यासाच्या धसक्याने होक्काइदोच्या कृषी शाळेत जातं. पहाटे उठून शेण काढायचं, दूध काढायचं. एका अशक्त डुकराच्या पिल्लाचं तो नाव ठेवतो ‘पोर्क बाउल’, म्हणजे शेवटी ताटातच जाणार हे ठाऊक असून जीव लावतो. पुढचं सांगत नाही. अराकावा स्वतः दुधाचा धंदा करणाऱ्या घरातल्या, त्यामुळे कर्जाने बुडालेल्या गोठ्याचा भाग येतो तेव्हा तो ऐकीव वाटत नाही. ज्यांच्या घरी दोन म्हशी आणि सोसायटीचं कर्ज आहे, त्यांनी हे घरच्यांसोबत बघावं.

आणि नाटकाचं वेड असेल तर ‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’ (२०१६). राकुगो म्हणजे एकटा कलाकार उशीवर बसून, हातात पंखा आणि रुमाल एवढ्यावर, सगळी पात्रं स्वतः बोलतो. मान डावीकडे वळली की नवरा, उजवीकडे वळली की बायको. अकिरा इशिदा आणि कोइची यामादेरा या दोन नटांनी यात एकेका पात्राच्या आवाजातून आणखी पाच-सहा पात्रं काढलीत. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांब आहे, धीर धरा. हे जपानीतच बघायचं. इथे खोलीत कोण बसलंय ते बघायचं नाही, दार लावून घ्यायचं.

‘वन पीस’ एवढा मोठा आहे, मधूनच सुरू केला तर चालेल?

नाही. १९९९ पासून चालू आहे, हजाराच्या वर भाग झालेत, पण पहिल्यापासूनच. परीक्षा असेल तर सुरूच करू नका.

थेटरात लागतात तेव्हा कुठल्या भाषेचं तिकीट काढावं?

‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत लागला. आपल्याकडे बहुधा हिंदी खेळ जास्त आणि जपानी एखादाच, तोही आडवेळेला. पहिल्या दिवशी मित्रांसोबत हिंदी बघा. शिट्ट्यांत सबटायटल कोण वाचतंय! जपानीचा हट्ट असेल तर कोल्हापूर किंवा पुण्याचे खेळ तपासा, आणि तिकीट काढताना भाषेचा रकाना दोनदा बघा.

फुकटच्या साइटवर बघितलं तर बिघडलं कुठे?

लॅपटॉप बिघडतो, पहिलं ते. शिवाय आता यूट्यूबवर म्युझ इंडियासारख्या अधिकृत चॅनेलवर बऱ्याच मालिका फुकट आहेत आणि घिबली या जपानी स्टुडिओचे बहुतेक सिनेमे नेटफ्लिक्सवर २०२० पासून आहेत. चोरी करण्याइतकी टंचाई राहिलेली नाही.

तुमच्याकडच्या डिस्क उसन्या मिळतील का?

मिळतील. एका वेळी एकच पेटी, पंधरा दिवस. नेताना माझ्यासमोर डिस्क उजेडात धरून ओरखडे बघून घ्यायचे, परत देताना मी बघणार. पुढे तिसऱ्याला द्यायची नाही. ‘इव्हँगेलियन’ची जुनी पेटी घराबाहेर जात नाही, ती बघायची असेल तर रविवारी दुपारी या आणि येताना भडंग आणा.